चार नंबरचं कापड

वडखळच्या नाक्यावर अलिबागचा रस्ता गोव्याच्या रस्त्याचा हात सोडतो, त्या जागी जनू मोकलाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर एक ताडपत्री आणि खाली एक शिलाई मशीन. मशीन मात्र साधं नव्हे. चामडं आणि ताडपत्री खाऊन मोठं झालेलं ते धूड होतं. ब्लाउज शिवणारं एखादं मशीन शेजारी ठेवलं असतं, तर ते लाजून पदर ओढून बसलं असतं.

जनू हूड शिवायचा. जीपचे, टेंपोचे, रिक्षांचे. 'मानसाला कातडी देव देतो, गाडीला मी देतो,' हे त्याचं पहिलं वाक्य. 'माजा हूड फाटायच्या आधी गाडी भंगारात जाते,' हे दुसरं. गिऱ्हाइकाला तिसरं वाक्य ऐकावं लागत नसे, कारण दुसरं वाक्य खरं होतं. पेणच्या भंगारवाल्यानं जनूच्या हातचे इतके हूड गाड्यांवरून उतरवून घेतले होते, की त्याच्या गोदामाचं सगळं छप्पर त्यांचंच झालं होतं. पावसाळ्यात अख्ख्या पेणमध्ये न गळणारी जी काही मोजकी छपरं होती, त्यात एक भंगारवाल्याचं होतं.

या टिकाऊपणामागे एक रीत होती. जनूचा बाप काळुराम मिठागरात राबून म्हातारा झाला होता, आणि जनूचं लहानपण त्याच खारात गेलं होतं. खाली खारं पाणी, वर ऊन, मध्ये वारा. कापडाचे तिन्ही वैरी एकत्र राहायला आले आहेत, अशी मिठागरासारखी दुसरी जागा नाही. तेव्हा बाजारात नवं कापड आलं, की जनू त्याचा हातभर तुकडा कापायचा, सायकलवर टांग मारून खाडीवर जायचा आणि मिठागराच्या झोपडीच्या खांबाला खिळ्यांनी ठोकून यायचा. कार्तिकात ठोकलेला तुकडा वैशाख संपताना उतरवायचा. जगला वाचला, तर ते कापड दुकानात येणार. नाही तर नाही.

एकदा मुंबईहून कापडाचा एक एजंट छापील दाखला घेऊन आला.

"कंपनीनं टेस्ट केलेलं आहे, मोकलशेठ. पाच वर्षं गॅरंटी."

"कंपनीत मीठ हाय का?" जनूनं विचारलं.

"मीठ कशाला असेल?"

"मंग टेस्ट कसली केली? ठेव तुकडा. वैशाखात ये."

एजंट वैशाखात आला नाही, पुढं कधीच आला नाही. जनूच्या मते याचा अर्थ एकच होता.

जनूच्या बायकोचं नाव पुतळी. शिवलेल्या हूडाला पितळी रिंगा ठोकायचं काम तिचं. हातोडी एका लयीत चालायची आणि त्याच लयीत तोंड. जनूनं दोरा तोडला तरी टोमणा, नाही तोडला तरी टोमणा. नाक्यावरचा वडेवाला सखा म्हणायचा, "जनूभाव, तुमच्या दुकानात रेडिओ नको. बॅटरीचा खर्च नाय."

दुकानामागे त्यांची एक खोली होती. छप्पर एवढं बुटकं, की जनू दुसऱ्याच्या घरी जातानासुद्धा सवयीनं वाकून जायचा. पुतळी जन्मली मिठागराच्या झोपडीत, नांदली या खोलीत. उभ्या जन्मात ती कधी माडीवर झोपली नव्हती. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलून दाखवण्यासारखी गोष्ट आपल्या मनात आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झालं त्र्याण्णव साली, निसीम आला तेव्हा.

निसीम पेणकर जनूचा शाळेतला बाकसोबती. त्याच्या आजाचा पेणला तेलाचा घाणा होता, ज्यू घर म्हणून शनिवारी बंद राहणारा. चौसष्ट साली सगळं कुटुंब बोटीत बसून इस्रायलला गेलं. तिकडच्या वाळवंटात निसीमनं सव्वीस वर्षं बस चालवली. बस वाळवंटात राहिली, मराठी मात्र त्यानं इथून नेली तशीच घडी न मोडता परत आणली. दुकानात जाऊन तो अजून शेरभर साखर मागायचा, आणि दुकानदाराची पोरं तोंडात बोळा घालून हसायची.

"जन्या!" रस्त्यापलीकडून हाक आली. साठीचा, टक्कल पडलेला, गॉगल लावलेला एक माणूस हात हलवत होता. "लेका, अजून तिथेच बसलायस?"

जनूनं सुई थांबवली. त्याला जन्या म्हणणारी माणसं एकेक करून मरून गेली होती.

"निसीम्या?... आयला, तुजे केस कुटं गेले?"

"वाळवंटात. तुझे दात?"

"खारात."

चहाचे तीन कप झाल्यावर निसीमनं काम काढलं. गोव्यात एका जर्मन पोराकडून त्यानं जुनी गाडी घेतली होती. पोरगं विमानानं घरी गेलं, गाडी निसीमकडे आली. रोह्याजवळच्या वरसे गावात त्याचा चुलतभाऊ एलियास राहत होता, त्याच्या पडवीत त्यानं ती आणून लावली. आता नोकरी संपली होती, पोरं मार्गी लागली होती. दर हिवाळ्याला बायकोला घेऊन यायचं आणि गाडीतच राहत, गाडीतच शिजवत किनाऱ्यानं खाली जायचं, एवढं एकच स्वप्न त्यानं वाळवंटात जपलं होतं.

"पण तिचा तंबू कुजलाय, जन्या."

"गाडीला तंबू?"

"बघायला चल."

दुसऱ्या दिवशी जनू आणि पुतळी रोह्याच्या एस्टीत बसले. वरशाला पडवीत ती गाडी उभी होती, पावासारखी फुगीर. निसीमनं आतून दोन आकडे सोडले आणि छप्पर वर ढकललं. पेटीचं झाकण उघडावं तसं छप्पर एका बाजूनं उचललं गेलं. झाकण आणि गाडी यांच्यामध्ये तिन्ही बाजूंनी कापड ताणलं जायचं, पण त्या कापडाच्या आता काळ्या बुरशीच्या झिरमिळ्या उरल्या होत्या. आत वरच्या अंगाला एक रुंद फळी होती. तिच्यावर गादी घातली की दोघांची निजायची सोय.

जनू टेप लावून मापं घेऊ लागला. पुतळी आत शिरली, सीटवर चढली आणि फळीच्या वर डोकं काढून उभी राहिली. पडवीपलीकडं भाताची खाचरं दिसत होती, त्यापलीकडं कुंडलिकेचा काठ. ती बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हा जनूनं घाबरून वर पाहिलं.

"काय गो? डोकं आपटलं का?"

"अवो," पुतळी म्हणाली, "गाडीला माडी हाय!"

निसीम खळखळून हसला. "आहेच मुळी! वहिनी, पहिली रात्र तुमची. तंबू बसला की आपण चौघं अलिबागजवळ नवगावला जाऊ. आमच्या वाडवडलांचं गलबत जिथं फुटलं म्हणतात, त्या किनाऱ्यावर. तुम्ही दोघं वर, मी नि मिरियम खाली. शब्द दिला."

"भावजी, चेष्टा नाय ना करत?"

"सव्वीस वर्षं बस चालवली. एकाही उतारूला मध्ये उतरवलं नाही."

परतीच्या एस्टीत पुतळीनं पदराच्या टोकाला गाठी मारून फळीचं माप धरून ठेवलं होतं. घरी येऊन तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. तीन हात रुंद. जमिनीवर अंथरायला ती उगीच मोठी होती, पण ती जमिनीसाठी नव्हतीच.

निसीमला घाई होती. "जन्या, दोन महिने आहेत हातात. याच वर्षी शिवून टाक."

"तुला टिकाऊ पायजे का नको?"

"टिकाऊच पाहिजे. जर्मन कापड नऊ वर्षांत कुजलं."

"मंग एक मोसम थांब."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण निसीम ड्रायव्हर होता. मेकॅनिक थांब म्हणाला की थांबायचं, हे त्याच्या रक्तात होतं. तो थांबला, म्हणजे परत गेला. जनूनं चार कापडांचे चार तुकडे कापले, त्यांवर डांबरानं नंबर घातले आणि मिठागराच्या खांबाला ठोकले.

त्या मोसमात जनू दर रविवारी खाडीवर जायचा. एक नंबर म्हणजे मुंबईचं चकचकीत नायलॉन. फाल्गुनातच त्याचा मुलामा उन्हानं सोललेल्या नाकासारखा सुटू लागला. तीन नंबर प्लास्टिकचं. चैत्रात त्याला टाचेच्या भेगा पडल्या. दोन नंबर म्हणजे पातळ, घट्ट विणीचं सुती कापड, मेण चोळलेलं. ते वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तग धरून होतं आणि तेव्हा त्याचा एक कोपरा बोटभर उसवला. चार नंबर मात्र पट्ठ्या! लष्कराच्या लिलावातलं जाड कॅनव्हास, घोंगडीसारखं. ऊन खाल्लं, मीठ खाल्लं, वारा खाल्ला आणि खांबावर असं ताठ उभं राहिलं, की जणू मिठागराचा मुकादम तेच आहे.

"चार नंबर," घरी येऊन जनू म्हणाला.

पुतळीनं चारी तुकडे हातात घेऊन चोळून पाहिले. "दोन नंबर काय वाईट? बोटभर तर उसवलंय. हाताला मऊ हाय."

"मऊ कापड नि मऊ मानूस खारात टिकत नाय."

"गाडी काय खारात निजनार हाय?"

"तू रिंगा ठोक."

पुतळीनं दोन नंबरचा तुकडा चुलीजवळ ठेवून दिला. तापलेलं भांडं उतरवायला बरा होता.

पुढच्या डिसेंबरात निसीम मिरियमला घेऊन आला. मिरियम मूळची रोह्याची, भरल्या अंगाची, हसरी. गाडीतून उतरून तिनं पुतळीला मिठीच मारली. "पुतळी गो, तुझ्या माडीची गोष्ट मी तिकडे सगळ्या गल्लीला सांगितली!"

तंबू शिवायला अकरा दिवस लागले. तीन सुया मोडल्या. जनूनं खिडक्यांना जाळ्या बसवल्या, शिवणींना मेण भरलं, कोपरे दुहेरी केले. त्या अकरा दिवसांत त्यानं बाहेरचं एकही काम घेतलं नाही. पुतळीनं रिंगा ठोकल्या आणि ठोकताना, नाक्यावरच्या लोकांनी शपथेवर सांगितलं असतं, ती गाणं म्हणत होती.

शुक्रवारी दुपारी तंबू चढला. निसीमनं आकडे सोडले, छप्पर वर गेलं आणि हिरवं, ताठ, खणखणीत चार नंबर तिन्ही बाजूंनी तटबंदीसारखं उभं राहिलं. नाका लोटला. सखा वडे तळायचे सोडून आला. एस्टीचा कंट्रोलर शिट्टी तोंडात तशीच ठेवून आला. जो तो तंबूवर टिचकी मारून पाही. ढोलकीसारखा आवाज येई.

"जनूभाव, बंगला बांधलाव राव!"

"शंभर वर्सं," जनू म्हणाला. एरवी तो पंचवीस म्हणायचा.

सूर्य मावळायच्या आत मिरियमनं स्वयंपाक उरकून घेतला, कारण अंधार पडला की त्यांचा शनिवार सुरू. मग गाडी हलवायची नाही, तंबू पाडायचा नाही की उभारायचा नाही. शनिवारचा पुरा दिवस गाडी तिथंच, छप्पर उघडून, दुकानासमोर राहणार होती. रविवारी सकाळी नवगाव.

पुतळी गोधडी काखेत घेऊन गाडीच्या दाराशी आली. "अवो, आजच निजू का वर? उघडीच हाय."

"ये ना गो," मिरियम आतून म्हणाली. "फळी रिकामीच आहे."

जनूनं नाक्याकडं पाहिलं. ट्रकांचा धूर, वड्यांचा वास, कंट्रोलरची शिट्टी. सात महिने ज्यासाठी कापड उन्हात तापवलं, तो क्षण असा नाक्यावर खर्च करायचा?

"हितं? ट्रकांच्या धुरात? लोक काय म्हनतील, जनूची बायको रस्त्यावर निजली. दोन दिस कळ काड. पयली रात नवगावला. समुद्रावर."

"मना चालतंय हितं."

"मना नाय चालत."

पुतळीनं गोधडी पुन्हा घडी करून काखेत घेतली. ती रुसली वगैरे नाही. दोन दिवसांची तर गोष्ट होती.

शनिवार हा जनूच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. काम नाही, गाडी हलत नाही, तंबू उभा. वडखळला थांबणारी प्रत्येक एस्टी रिकामी होऊन तंबू पाहून जात होती. जनू खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक नंबर कसा सोलला, तीन नंबर कसा तडकला, दोन नंबरनं शेवटी कशी मान टाकली, हे सांगत होता. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला.

रविवारी सकाळी निसीमनं चहा घेतला, हात झटकले आणि छप्पर खाली ओढलं.

छप्पर वीतभर खाली येऊन थांबलं.

त्यानं पुन्हा ओढलं. चार नंबर आत दुमडायला तयार नव्हतं. टेंपोचा हूड एकदा चढला की जन्मभर ताणलेला असतो. त्याची घडी कुणी करत नाही. मिठागराच्या खांबावर कापडाला ऊन लागतं, वारा लागतो, मीठ लागतं, पण तिथंही त्याची घडी कुणी करत नाही. सात महिन्यांत जनूनं त्या कापडाला सगळे प्रश्न विचारले होते. 'दुमडतोस का?' हा एकच राहिला होता.

"जरा दाबा वरनं," जनू म्हणाला. त्याचा आवाज शनिवारीच बसलेला होता.

सखा वर चढून बसला. मग कंट्रोलर. मग एक ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर. चौघं छपरावर बसून खाली दाबू लागले आणि जनू आतून दोन्ही हातांनी कापड कोंबू लागला. तो घामाघूम झाला. बिजागरीतून कडकन् आवाज आला, तसे सगळे उड्या टाकून खाली उतरले. मगरीनं जबडा वासून पडावं तशी गाडी तोंड उघडून उभी राहिली.

"असंच नेलं तर?" जनू म्हणाला.

निसीम हळूच म्हणाला, "जन्या, आत वारा भरला तर आपण धरमतरच्या खाडीत जाऊ. कापड झकास आहे रे. घडी बसत नाही एवढंच."

आणि तेव्हा पुतळी बोलली. चाळीस वर्षांच्या सवयीनं बोलली, रिंग ठोकताना बोलायची तशीच.

"बसंल कशी? कापड तुमच्यावर गेलंय. मोडंल पन दुमडनार नाय."

नाका हसला. सखा तर खाली बसून हसला. आदल्या दिवशी ज्यांनी टिचक्या मारल्या, तीच माणसं. पुतळीनं जन्मभरात हजार टोमणे मारले असतील, पण ते दुकानात, दोघांच्यात. हा चारचौघांत पडला, आणि तो पडताच पुतळीनंही जीभ चावली.

जनू हसला नाही. तो गाडीतून उतरला आणि शिवण उसवायच्या चाकूनं तंबूच्या कडेचे टाके कापू लागला.

निसीम त्याच्याजवळ गेला. "अरे, अजून दीड महिना आहे आम्ही. ते दोन नंबर म्हणालास ना, पातळ? त्याचा शिव. दुमडेल ते."

"जे खारात हरलं ते मी शिवनार नाय."

"बोटभरच उसवलं होतं म्हणे."

"बोटभर म्हंजे हरलंच."

"जन्या, मी काय गाडी खारात ठेवणार आहे?"

हेच वाक्य जनूनं सात महिन्यांपूर्वी घरात ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकून ते पटायला हवं होतं. पण काही वाक्यं दुसऱ्यांदा ऐकली की जास्तच टोचतात.

"नाय म्हनलं ना."

निसीमनं पुण्याला एका ओळखीच्या माणसाला फोन केला. नवव्या दिवशी पार्सल आलं. तयार तंबू, मळकट पांढऱ्या रंगाचा, घडी अशी की पिशवीत मावावी. रोह्याच्या एका फिटरनं दोन तासांत तो बसवला. गाडी पुन्हा वडखळला आली, दुकानासमोर उभी राहिली. निसीमनं छप्पर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. साबणाच्या डब्याचं झाकण जितक्या सहज लागावं तितक्या सहज.

जनू उठला. तंबूची कड चिमटीत धरून त्यानं चोळून पाहिली. पातळ, घट्ट वीण, मेण चोळलेलं. दोन नंबरचा सख्खा भाऊ. हे त्याला कळलं, आणि कळलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"चला वहिनी," निसीम म्हणाला. "माडी तयार आहे. चल जन्या, दुकान टाक बंद."

पुतळी गोधडी आणि एक पिशवी घेऊन उभीच होती. नवं लुगडं नेसली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"या फडक्याखाली मी निजनार नाय," जनू म्हणाला. "नि माजी बायको पन निजनार नाय."

"अरे, काय बोलतोस!" मिरियम म्हणाली. "पुतळी, तू चल गो. राहू दे त्याला हूड शिवत."

पुतळी थांबली. नवऱ्यानं आता एक शब्द बोलावा, निदान मान तरी हलवावी, म्हणून तिनं वाट पाहिली. 'जा' हा एवढासा शब्द. त्याला ना दोरा लागतो, ना सुई. जनूनं मशीनवर एक टेंपोचा हूड घेतला आणि पायडल मारायला सुरुवात केली.

पुतळीनं पिशवी खाली ठेवली. गोधडी मिरियमच्या हातात दिली. "ही न्या. फळीच्या मापाची हाय. हितं जिमनीला मोठी व्हते."

मिरियम काही बोलायला गेली, पण निसीमनं तिच्या हाताला हात लावला. सव्वीस वर्षांत त्यानं उतारूला मध्ये कधी उतरवलं नव्हतं. जो चढतच नाही त्याचं काय करायचं, हे बसच्या नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली. मशीनचा आवाज चालू होता. बऱ्याच वेळानं पुतळीच्या लक्षात आलं, की सुईत दोराच नाही.

नवगाव काही काशी नव्हे. वडखळहून अलिबागची एस्टी दर अर्ध्या तासानं सुटायची, दुकानापुढूनच जायची. पण एस्टीला माडी नव्हती.

त्या दिवसानंतर पुतळीनं टोमणे मारणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढी, रिंगा ठोकी, विचारलं त्याला उत्तर देई. दोरा तुटला तरी गप्प, सुई मोडली तरी गप्प. सखा म्हणाला, "जनूभाव, रेडिओ घ्या आता." जनूनं त्याच्याकडचे वडे घेणं सोडलं.

कधी कधी जनू मुद्दाम टाका वाकडा घालायचा. पुतळी बघायची आणि रिंग ठोकायची.

निसीमची गाडी आणखी तीन हिवाळे आली. दर वेळी वडखळला थांबायची. मिरियम उतरून पुतळीला सांगायची: हर्णैला असं झालं, गणपतीपुळ्याला तसं झालं, तुझी गोधडी अशी उबदार की काय सांगू! निसीम आणि जनू चहा प्यायचे. चहा पिता पिता जनू उठून गाडीपाशी जायचा आणि तंबूच्या शिवणीवरून, कोपऱ्यांवरून, खिडकीच्या कडांवरून हात फिरवायचा. कुठं बोटभर उसवलेलं सापडतंय का बघायचा. चैत्रात खाडीवरून वारा सुटला की त्याच्या मनात पहिला विचार वरशाच्या पडवीतल्या त्या पांढऱ्या कापडाचा येई, आणि तो विचार चांगला नसे.

काही उसवलं नाही.

चौथ्या वर्षी निसीमचं पत्र आलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता गाडी चालवायला नको म्हणतात. गाडी गोव्यातल्या एका माणसाला दिली. पत्राच्या शेवटी मोकळ्या मनानं एक ओळ होती, जी निसीमनं लिहिली नसती तर बरं झालं असतं: 'घेणारा तंबूवर फार खूश आहे, म्हणाला, अगदी नवा दिसतो.'

जनूनं पत्र पुतळीला वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा वाचली. आता तरी ती काही बोलेल, म्हणून मुद्दाम वाचली.

"डोलं बरं झालं का त्यांचं?" पुतळीनं विचारलं.

चार नंबरचा तंबू दुकानाच्या मागं गुंडाळून पडला होता. पावसानं तो भिजला, उन्हानं वाळला, उंदरांनी दोनदा प्रयत्न करून नाद सोडला. आणखी पाच वर्षं गेली. जनूच्या हाताला कंप सुटला, जीपना कारखान्यातूनच हूड बसून येऊ लागले, आणि एका माघात त्यानं दुकान गावातल्या दुसऱ्याला दिलं. हातात वेळ आला. वेळ हातात आला की माणसाला आपली जुनी कामं दिसू लागतात.

एके दिवशी सकाळी तो खोलीच्या छपरावर चढला. मग पंधरा दिवस वर ठोकाठोक चालली. बांबूंची चौकट झाली, फळ्या बसल्या, फळ्यांभोवती चार नंबर ताणलं गेलं. इथं घडी करायची नव्हती. खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा त्याच, चौऱ्याण्णव साली शिवलेल्या. बाहेरून त्यानं एक शिडी लावली. सगळं झाल्यावर, उन्हं उतरताना, तो खाली आला. हातपाय धुतले, डोक्याला टॉवेल गुंडाळला.

पुतळी चुलीपाशी बसली होती.

"चल गो," जनू म्हणाला.

"कुटं?"

"वर. माडी झाली."

पुतळीनं दारात येऊन शिडीकडं पाहिलं. मग वर तंबूकडं पाहिलं. तिला शिडीवर चढवायला जनूनं हात पुढं केला होता. पुतळीनं एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि अंग उचलायचा प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही. दुसरा पाय ठेवून पाहिला. तोही नाही. ती पुन्हा खाली उभी राहिली.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली, "गुडघ्याचं. तुमाला ठावं नाय?"

जनूला ठाऊक नव्हतं. बोलायची तेव्हा तिचं डोकं दुखलं तरी सगळ्या नाक्याला कळायचं.

"तुमी जा वर," पुतळी म्हणाली. "बांदलीय तर बसा."

कुणी तरी बसायलाच हवं होतं, म्हणून तो चढला. आत वाकावं लागलं नाही. उठून बसलं तर डोकं लागत नव्हतं. जाळीतून खाडी दिसत होती, मिठाचे पांढरे ढीग दिसत होते, अलिबागचा रस्ता दिसत होता आणि त्यावरून चाललेली एस्टी. वारा सुटला. चार नंबर हललंसुद्धा नाही.

खालून भांड्याचा आवाज आला. पुतळी शिडीच्या पायथ्याशी उभी होती. चहाचं पातेलं तिनं दोन नंबरच्या तुकड्यानं धरलं होतं. इतकी वर्षं चुलीवरची भांडी उतरवून तो काळा झाला होता, चौकोन मात्र शाबूत होता. उसवलेला कोपराही होता तेवढाच होता, बोटभर.

"वाकून घ्या," ती म्हणाली. "कप आनलेला नाय. दोन फेऱ्या मना जमायच्या नाय."

जनू पालथा पडून अर्धा बाहेर आला आणि त्यानं हात खाली लांबवला. पुतळीनं पातेलं वर केलं. देता देता ती मान वर करून तंबूकडं बघत राहिली: ताठ कड, दुहेरी कोपरे, तिनं स्वतः ठोकलेल्या रिंगा.

"कापड टिकलं हां तुमचं," पुतळी म्हणाली.

नऊ वर्षांनी टोमणा आला होता. जनूनं तो पुन्हा एकदा यावा म्हणून वाट पाहिली. पण ती दोन नंबरचा तुकडा झटकून, भिंतीला हात लावत लावत आत निघून गेली, आणि तो पातेलं धरून तसाच पालथा राहिला. पातेलं भाजत होतं. धरायला वर काही नव्हतं.